गुंडाळीतला माणूस, चौकटीतला माणूस

क्योतोच्या रस्त्यावर दोन पोरं झिंज्या धरून भांडताहेत. गलका ऐकून एकाचा बाप धावत येतो, आपल्या पोराला पाठीशी घालतो आणि दुसऱ्याच्या पोराला सणसणीत लाथ हाणतो. मग आई येते आणि लेकाचा हात धरून त्याला घराकडे ओढत नेते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या ‘बान दाइनागोन’ या चित्रगुंडाळीतला हा प्रसंग. गंमत अशी की हे सगळं एवढ्याशा जागेत, एकाच जमिनीवर, मध्ये एकही रेघ न मारता काढलेलं आहे. तोच पोरगा भांडताना दिसतो, बापाच्या आडोशाला दिसतो आणि आईबरोबर जातानाही दिसतो. नजर आपोआप गोल फिरते. चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यालाही उमगतं, की ही पोरांची झुंड नव्हे. पोरं दोनच आहेत आणि वेळ पुढे सरकते आहे.

लाथ खाल्लेल्या पोराचा बाप दरबारातला हलक्या दर्जाचा नोकर. 866 साली राजवाड्याचा ओतेन्मोन हा दरवाजा जळाला, त्या रात्री तिथून पळणारी माणसं त्याने पाहिली होती. पण ती बडी असामी, म्हणून तो गप्प बसला होता. मुलाला लाथ बसली आणि त्याचं तोंड सुटलं. लाथ मारणारा होता मंत्री तोमो नो योशिओ याचा खजिनदार. चर्चा गावभर झाली, चौकशी लागली, आग लावल्याचा ठपका खुद्द मंत्र्यावर आला आणि त्याची रवानगी इझूला, हद्दपारीत झाली. लाथ खजिनदाराची, हद्दपारी धन्याची! कर्माचे हिशेब सरळ वहीत मांडता येत नाहीत, हे त्या अनाम चित्रकाराला पक्कं ठाऊक असावं. आज ही गुंडाळी तोक्योच्या इदेमित्सू संग्रहालयात आहे.

एकाच चित्रात तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा काढण्याच्या या रीतीला जपानी समीक्षक ‘इजी-दोझू’ म्हणतात आणि सहसा ती चित्रकथनाची हुशारी म्हणून वाखाणली जाते. हुशारी तर आहेच. पण ज्या समाजात ही चित्रं निघाली तो बौद्ध होता आणि बौद्ध विचारात ‘तीच व्यक्ती’ हे दोन शब्द साधे नाहीत. कायम टिकणारा आत्मा नाही, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या घटकांचा फक्त प्रवाह आहे, हे एकदा मान्य केलं की प्रश्न उभा राहतो: मग लाथ मारली कोणी आणि फळ भोगलं कोणी? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नेमकं याच कोंडीत पकडू पाहतो. नागसेनाचं उत्तर आंबेचोराचं आहे. पकडला गेलेला चोर म्हणाला, की मालकाने पेरली ती कोय वेगळी आणि मी तोडले ते आंबे वेगळे, मग चोरी कसली? राजा त्याला सोडेल का? नाही सोडणार, कारण ती कोय नसती तर ते आंबे नसते. पुनर्जन्माचंही तसंच: जन्मणारा तोच नव्हे, पण अगदी दुसराही नव्हे.

तर्क म्हणून हे पटतं. डोळ्यांना मात्र ‘तोच नव्हे, दुसराही नव्हे’ असा माणूस दाखवायचा कसा?

याचं चित्रातलं उत्तर जपानच्या कितीतरी आधी भारतात शोधायला सुरुवात झाली होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकात एकाच भिंतीवर राजपुत्र वारंवार भेटतो, कुठे महालात तर कुठे वाटेवर. हीच चित्रभाषा मध्य आशियातून चीनमध्ये गेली. दुनहुआंगच्या लेण्यांत भुकेल्या वाघिणीला स्वतःचं शरीर देणाऱ्या महासत्त्व राजपुत्राची कथा रंगली. तीच कथा सातव्या शतकात जपानच्या होर्यूजी मंदिरातल्या तामामुशी देव्हाऱ्याच्या एका उभ्या फळीवर उतरली. वर राजपुत्र आपली वस्त्रं झाडाला अडकवतो, मध्ये तो कड्यावरून खाली झेपावलेला आहे आणि तळाशी वाघीण व तिचे बछडे त्याचा देह खात आहेत. तीन राजपुत्र, एक राजपुत्र. पुढच्या शतकातली ‘ए-इंगा-क्यो’ ही जपानमधली सर्वांत जुनी चित्रगुंडाळी. तिच्यात खाली सूत्राचा मजकूर आणि वर चित्रांची पट्टी आहे, विषय सिद्धार्थाचं चरित्र, आणि मूळ सूत्राच्या नावातच कार्यकारण आहे. पाचव्या शतकात ते चिनी भाषेत आणणारा गुणभद्र भारतीय होता. म्हणजे जपानी चित्रकथेची सुरुवातच कारण आणि परिणाम यांच्या पाठावर झाली.

आता मांगा, म्हणजे चौकटींतून सांगितलेल्या जपानी चित्रकथा. आजच्या मांगाची कुंडली थेट या गुंडाळ्यांशी जुळवण्याची हौस जपानात शंभर वर्षं जुनी आहे. होसोकिबारा सेइकी यांनी 1924 साली मांगाचा इतिहास लिहिला तेव्हा आरंभाला तोबा सोजो या भिक्षूला बसवलं. कारण ‘चोजू-गिगा’ या चार गुंडाळ्या परंपरेने त्याच्या नावावर जमा होत्या. आज त्या एकाच हातच्या असाव्यात असं अभ्यासक मानत नाहीत. क्योतोजवळच्या कोझान्जी मंदिराची ही मिळकत. नुसती काळी शाई, शब्द एकही नाही, आणि त्यात ससे, बेडूक, माकडं माणसांचे धंदे करतात. एका ठिकाणी बेडूक बुद्ध होऊन पानाच्या आसनावर बसला आहे आणि समोर भिक्षूच्या वेषातलं माकड पाठ म्हणतं आहे. माकडाच्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाच्या रेघाही काढल्या आहेत. ‘बघा, मांगातल्या संवादाच्या फुग्याचा पूर्वज!’ असं म्हणणाऱ्यांना या रेघा म्हणजे पर्वणीच. ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक ताकाहाता इसाओ यांनी 1999 साली एक अख्खं पुस्तक लिहून बाराव्या शतकातल्या गुंडाळ्यांना ॲनिमेशनचे पूर्वज ठरवलं.

उलट बाजूही भक्कम आहे. आइके एक्स्नर या संशोधकाने अलीकडे दाखवून दिलं आहे, की फुग्यांतून बोलणारी, चौकटीतून चालणारी आजची मांगा 1920च्या दशकात अमेरिकी वर्तमानपत्री चित्रमालिकांच्या प्रभावातून घडली. 1923 साली ‘असाही ग्राफ’मध्ये अशीच एक अमेरिकी मालिका जपानी भाषेत छापली जात होती. मांगाकार तेझुका ओसामू यांचं डिस्नेवरचं प्रेम तर त्यांनी स्वतःच कधी लपवलं नाही. तेव्हा रक्ताचं नातं सिद्ध करायला बसलं तर निकाल एक्स्नर यांच्या बाजूने लागतो आणि तो लागू द्यावा. सातशे-आठशे वर्षं मंदिरांच्या पेट्यांत बंद असलेल्या गुंडाळ्या पाहून कोणी कारागीर चौकटी आखायला शिकला नाही.

पण धर्माच्या अंगाने पाहिलं तर निकाल इतका सोपा राहत नाही. तिथे एक साखळी सापडते आणि तिच्या कड्या कल्पनेतल्या नाहीत. 1922 साली जन्मलेल्या आणि तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदरगावात वाढलेल्या मिझुकी शिगेरू यांना लहानपणी एक म्हातारी सांभाळायची. नवसा-प्रार्थनांत मुरलेली, भुताखेतांच्या गोष्टींची खाण. मुलं तिला नोन्नोन्बा म्हणत. ती पोराला गावातल्या शोफुकुजी मंदिरात न्यायची आणि तिथलं नरक-स्वर्गाचं चित्र दाखवायची. पुढे मिझुकी सैन्यात गेले, न्यू ब्रिटन बेटावर बाँबहल्ल्यात डावा हात गमावून परतले आणि उरलेल्या हाताने कामिशिबाईसाठी, म्हणजे रस्त्यावर एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगणाऱ्यांसाठी, चित्रं काढून पोट भरू लागले. तिथून मांगात आले आणि ‘गेगेगे नो कितारो’ने जपानी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना योकाई या अद्भुत जीवांचं वेड लावलं. म्हातारीवर त्यांनी ‘नोन्नोन्बा आणि मी’ हे पुस्तकही लिहिलं आणि त्यावरून मांगाही काढली.

देवळातला नरकपट, त्यावर बोट ठेवून सांगणारी म्हातारी, चित्रं दाखवून सांगणारा रस्त्यावरचा कथेकरी आणि मग छापील मांगा: या वाटेवर चौकट कुठून आली याला फारसं महत्त्व नाही. भिक्षू आणि भिक्षुणींनी चित्र दाखवून धर्म सांगण्याची ही रीत जपानात ‘एतोकी’ म्हणून ओळखली जाते. कुमानोच्या भिक्षुणी दहा लोकांचं, म्हणजे दहा जगांचं, चित्र घेऊन गावोगाव फिरत. वाकायामातल्या दोजोजी मंदिरात आजही गुंडाळी उलगडत, विनोदांची पेरणी करत, प्रेमात नाग झालेल्या कियोहिमेची गोष्ट सांगितली जाते. मराठी वाचकाला इथे पिंगुळीचे चित्रकथी आठवतील, पण त्यांच्या पोथ्यांत रामायण-महाभारत. नरकाच्या चित्रांशी अधिक जवळचं भारतीय नातं यमपटाचं. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त बाजारात पोरांच्या गराड्यात यमपट दाखवणारा भेटतो आणि ‘मुद्राराक्षसा’तला चाणक्याचा हेर यमपट घेऊनच घरोघरी शिरतो. लोक नरक बघायला दार उघडतात, हे चाणक्यालाही माहीत होतं.

जपानी नरकाचा तपशील गेन्शिन या भिक्षूने 985 साली ‘ओजोयोशू’त मांडला आणि बाराव्या शतकात त्याला रंग चढले: ‘जिगोकू झोशी’त नरक, ‘गाकी झोशी’त भुकेले प्रेत. यातली ‘गाकी झोशी’ फार विलक्षण आहे. तिच्यातले प्रेत कुठल्या पाताळात नाहीत. ते क्योतोच्या रस्त्यावर, शौचाला बसलेल्या माणसांच्या पायांत, बाळंतिणीच्या खोलीत, स्मशानात दबा धरून बसले आहेत. पोटं नगाऱ्यासारखी, हातपाय काड्या. आसपासच्या माणसांना ते दिसत नाहीत. पाहणाऱ्याला दिसतात. भोग इथेच, याच गल्लीत चालू आहे आणि आपण त्यावरून पाय टाकत जात आहोत, हे सांगायला शब्द लागत नाहीत. मिझुकींचे योकाईसुद्धा याच तऱ्हेने वावरतात: शेजारीच असतात, दिसत नाहीत. फरक एवढाच, की मिझुकींना ते शिक्षा भोगणारे वाटत नाहीत, शेजारी वाटतात. नरक जवळून पाहिलेल्या माणसाने भुतांना माफ करून टाकलं आहे.

अलीकडच्या मांगाने तर नरकाला सरकारी कचेरीच करून टाकलं. एगुची नात्सुमी यांच्या ‘होझुकी नो रेइतेत्सू’मध्ये यमराजाचा थंड डोक्याचा सचिव फायली, मनुष्यबळ आणि नरकातली गर्दी सांभाळतो. विनोद वरवरचा नाही. नरकांची वाटणी आणि त्यांचे प्रकार जुन्या परंपरेतूनच घेतले आहेत. गेन्शिनच्या वाचकाचा थरकाप उडायचा. आजचा वाचक हसतो आणि हसता हसता तीच यादी पाठ करतो.

तरीही गुंडाळी आणि मांगा यांत एक मूलभूत भेद आहे, आणि या निबंधाचा खरा मुद्दा तोच. गुंडाळी उजवीकडून डावीकडे वाचतात. डावा हात उलगडत जातो, उजवा गुंडाळत येतो. एका वेळी साधारण दोन खांद्यांइतकी रुंदी डोळ्यांसमोर राहते. गेलेला काळ उजव्या हातात गुंडाळलेला, येणारा डाव्या हातात बंद, आणि मधला तेवढा वर्तमान. त्याला कडा नाहीत. प्रसंगांमध्ये भिंत येत नाही. धुक्याचा एक पट्टा येतो, टेकडी येते, रस्ता येतो आणि दृश्य बदलतं. ‘शिगीसान एंगी’च्या तिसऱ्या गुंडाळीत भावाला शोधत निघालेली वृद्ध भिक्षुणी तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धासमोर रात्र काढते: प्रार्थना करताना, झोपलेली, निघताना अशी ती त्याच मूर्तीपुढे अनेकदा दिसते. बुद्ध एक, भिक्षुणी अनेक. जो हलत नाही तो एकदाच काढला आहे आणि जी काळात अडकली आहे ती पुन्हा पुन्हा.

त्याच संचाच्या दुसऱ्या गुंडाळीत आजारी सम्राट दाइगोला बरं करायला डोंगरावरचा साधू म्योरेन एक दिव्य बालक पाठवतो. बालकाच्या अंगावर तलवारींचा झगा आहे आणि पुढे धर्मचक्र गरगरतं आहे. पाहणाऱ्याला आधी ते राजवाड्यात पोहोचलेलं दिसतं आणि नंतर, गुंडाळी पुढे उलगडल्यावर, मागे वेगाच्या रेघा सोडत आकाशातून धावत येताना. परिणाम आधी, कारण मागाहून. मांगातल्या वेगरेषांशी या रेघांचं साम्य सगळे सांगतात. पण अधिक लक्ष द्यावं ते या उलट्या क्रमाकडे: काळाचा प्रवाह सलग आहे आणि म्हणूनच त्यात उलटं पोहता येतं.

बौद्ध परिभाषेत हे संतानाचं, म्हणजे प्रवाहाचं चित्र झालं. मांगाचं पान त्याच सिद्धान्ताची दुसरी बाजू धरतं: क्षणाची. चौकटीच्या चारही बाजूंना भिंत आहे, दोन चौकटींमध्ये कोरी जागा आहे आणि त्या जागेत काय घडलं ते कागदावर कुठेच नाही. पहिल्या चौकटीत उचललेला हात, दुसऱ्या चौकटीत पडलेला माणूस. मारलं ते वाचकाने. तेराव्या शतकात दोगेन या झेन गुरूने ‘गेन्जोकोआन’मध्ये असा विचार मांडला, की लाकडाची राख होते असं दिसत असलं तरी लाकूड हे मागल्या-पुढल्या क्षणांसकट आपल्या जागी पूर्ण आहे आणि राख आपल्या जागी. एकातून दुसरं ‘बनतं’ ही आपली सोयीची समजूत. दोगेनला मांगाचं पान दाखवलं असतं तर त्याची काही अडचण झाली नसती. प्रत्येक चौकट आपल्या जागी पुरती आहे आणि तो ‘तोच’ माणूस चित्रकाराने प्रत्येक वेळी नव्याने काढला आहे, अगदी शब्दशः.

हा धागा सर्वांत दूर ओढला तेझुकांनी. ‘हि नो तोरी’, म्हणजे अग्निपक्षी, ही त्यांनी अनेक दशकं पुन्हा पुन्हा हाती घेतलेली मालिका भूतकाळ आणि भविष्यकाळ आलटून पालटून सांगते आणि युगायुगांतून भल्यामोठ्या नाकाचा एक माणूस परत येत राहतो. कधी प्राचीन यामाताई राज्यातला योद्धा, कधी दूरच्या भविष्यातला शास्त्रज्ञ. वाचक नाकावरून ओळखतो. त्या माणसाला स्वतःला काहीच आठवत नाही. बान दाइनागोनच्या चित्रकाराने जे एका घेऱ्यात केलं ते इथे हजारो वर्षांवर ताणलं आहे.

मालिकेतला ‘हो-ओ’ हा भाग आठव्या शतकात, तोदाइजीचा महाबुद्ध घडत असतानाच्या काळात घडतो. 752 साली त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी केला बोधिसेन या भारतीय भिक्षूने. गाओ हा एकहाती, एकाक्ष लुटारू मोठ्या नाकाचा; आकानेमारू हा गुणी शिल्पकार. गाओ त्याचा हात जायबंदी करतो. पुढे दुःख पचवत गाओ शिल्पी होतो आणि दरबाराचा लाडका झालेला आकानेमारू हळूहळू कोता होत जातो. दोघांची स्पर्धा लागते, गाओ कलेत जिंकतो, पण आकानेमारू त्याचा जुना गुन्हा उघड करतो आणि गाओचा उरलेला हातही तोडला जातो. शेवटी आकानेमारू आगीत मरतो आणि अग्निपक्षी त्याला सांगतो, की तू पुन्हा माणूस म्हणून जन्मणार नाहीस.

हे वाचून पुष्कळांना चीड येते आणि ती रास्त आहे. खुनी तरतो आणि ज्याचा हात गेला तो बुडतो? पण तेझुकांचा हिशेब गुन्ह्यांची बेरीज करत नाही. त्यांच्या गोष्टीत दोघेही वाटेत दुसरेच कोणी झालेले असतात; सुरुवातीचा आकानेमारू आणि स्पर्धेतला आकानेमारू यांच्यात फक्त चेहऱ्याचं साम्य उरलं आहे. चित्रकाराने तोच चेहरा काढून वाचकाला फसवलं आहे, आणि कर्मफळाचा सगळा प्रश्न त्या फसवणुकीतच आहे.

‘बुद्ध’ ही तेझुकांची दुसरी मोठी मालिका 1972 ते 1983 या काळात चालली. तिच्या आरंभी जातकातला ससा आहे: बर्फात कोसळलेल्या म्हाताऱ्याला द्यायला काही नाही, म्हणून स्वतःच विस्तवात उडी घेणारा. प्रसंग जवळजवळ शब्दांवाचून सांगितला आहे. भाविकांना या मालिकेतले काही प्रकार खटकले, कारण तेझुकांनी त्यात स्वतःची पात्रं आणि थट्टा मोकळ्या हाताने मिसळली. पण मालिका रुजली. इतकी, की नाकामुरा हिकारू यांच्या ‘सेइंट ओनिसान’मध्ये तोक्योच्या ताचिकावा भागात येशूबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारा बुद्ध तेझुकांच्या ‘बुद्धा’चा चाहता आहे. ‘चोजू-गिगा’तला बेडूकबुद्ध काढणाऱ्या देशात याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

याच तेझुकांनी ‘हि नो तोरी’च्या ‘ताइयो’ या भागात मात्र बौद्ध धर्मालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. 1986 ते 1988 या काळात तो प्रसिद्ध झाला. मालिकेचा पुरा झालेला हा शेवटचा भाग. सातव्या शतकात समुद्रापलीकडून आलेली बौद्ध देवदळं जपानच्या डोंगरांतल्या जुन्या दैवतांवर चाल करून येतात. ज्याच्या चेहऱ्यावर लांडग्याचं कातडं चिकटवलं आहे असा एक परागंदा सैनिक त्या दैवतांच्या बाजूने लढतो. मध्येच गोष्ट एकविसाव्या शतकात उडी घेते: तिथे एका धर्मसत्तेचं राज्य आहे आणि जमिनीखाली दडपलेल्या बंडखोरांतला एक तरुण स्वप्नात तो लांडगा होतो. दोघे एकच आहेत की नाहीत, याचा निवाडा चौकटी करत नाहीत. आळीपाळीने एकाचं पान आणि दुसऱ्याचं पान, एवढंच. अखेर बंड यशस्वी होतं, जुना धर्म कोसळतो आणि बंडाचा पुढारी पहिलं काम करतो ते नवा धर्म स्थापन करण्याचं.